पोर्टेबल कॅसेट रेकॉर्डर फीत गुंतवतो, रेंगाळतो, मध्येच थांबतो: बिघाड शोधण्याची आणि दुरुस्तीची पद्धत

जुन्या कॅसेट रेकॉर्डरची चाल बिघडली की पहिला संशय बेल्टवर जातो. बऱ्याचदा तो खराही ठरतो. पण नवा बेल्ट घालूनही फीत गुंतत राहते किंवा सूर हेलकावत राहतो, असंही वारंवार घडतं. फीत पुढे नेण्याचं काम एकटा बेल्ट करत नाही. मोटरपासून गुंडाळणाऱ्या रिळापर्यंत ती एक साखळी आहे, आणि तिची नेमकी कोणती कडी निसटली आहे हे स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधीच बरंचसं कळू शकतं. म्हणून या लेखात निदानाला दुरुस्तीइतकीच जागा दिली आहे.

चाल कुठून येते

फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट आणली. तिच्यासोबतचा पहिला रेकॉर्डरही बॅटरीवर चालणारा, उचलून नेता येण्याजोगाच होता. तेव्हा ठरलेला फितीचा वेग आजही तोच आहे: सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर.

हा वेग कॅपस्टन ठरवतो. कॅपस्टन म्हणजे हेडशेजारी (हेड म्हणजे फितीवर आवाज लिहिणारा आणि वाचणारा भाग) उभी असलेली गुळगुळीत पोलादी काडी. पोर्टेबल यंत्रांत तिचा व्यास साधारण २ मिलिमीटर असतो. तिच्या खालच्या टोकाला जड फ्लायव्हील बसवलेलं असतं आणि त्याला मोटर बेल्टने फिरवते. रबरी पिंच रोलर फितीला कॅपस्टनवर दाबून धरतो, त्यामुळे फीत पुढे सरकते. पुढे आलेली फीत गोळा करायचं काम उजव्या स्पिंडलचं, म्हणजे रीळ फिरवणाऱ्या दांडीचं. रीळ भरत जाईल तसा त्याच्या फिरण्याचा वेग कमी व्हावा लागतो, म्हणून त्याच्या पोटात नमद्याचा घसरता क्लच असतो. डावा स्पिंडल फितीला किंचित मागे ओढून धरतो, म्हणजे ती ताठ राहते आणि हेडला नीट चिकटते.

वेग कॅपस्टनचा, गुंडाळणी स्पिंडलची. हा फरक लक्षात ठेवला की निम्मं निदान आपोआप होतं. सूर बिघडला तर बोट आधी मोटर, बेल्ट, फ्लायव्हील, पिंच रोलर या बाजूला जायला हवं. फीत गुंतली तर गुंडाळणीकडे.

न उघडता करायच्या तपासण्या

आधी कॅसेट निर्दोष आहे याची खात्री करा. चाचणीसाठी चांगल्या स्थितीतली, कवच स्क्रूंनी जोडलेली सी-६०, म्हणजे ६० मिनिटांची कॅसेट घ्या, आणि ती गमावली तरी चालेल अशी असू द्या. सी-१२० चुकूनही वापरू नका. सी-६० ची फीत १६ ते १८ मायक्रॉन जाडीची असते, सी-१२० ची जेमतेम ९ मायक्रॉन, त्यामुळे ती जरा कमीजास्त ताणानेही सुरकुतते. सहाकोनी पेन्सिल घालून दोन्ही रिळं हाताने फिरवून पाहा. कॅसेटच जड फिरत असेल तर यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

मग यंत्राला ताज्या सेलवर चालवा. चार सेलच्या यंत्राला सहा व्होल्ट लागतात, आणि ते चालू असताना मोजायला हवेत. नुसत्या सेलवर ६ दाखवणारा मीटर प्ले दाबताच साडेचारवर आला, तर दोष सेलमध्ये किंवा डब्यातल्या गंजलेल्या पत्र्यांमध्ये आहे. अल्कलाइन सेल गळून आलेला पांढरा थर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने काढा, मग पाण्याने ओलसर केलेल्या काडीने पुसा, कोरडं करा आणि पत्रे बारीक पॉलिश पेपरने उजळा.

आता झाकण उघडं ठेवून, कॅसेट न घालता एकेक बटण दाबून पाहा.

प्ले दाबल्यावर मोटरचा आवाज येतो पण कॅपस्टन फिरत नाही: मुख्य बेल्ट तुटला, निसटला किंवा विरघळला. मोटरचाच आवाज नाही: सेल, पत्रे, मोटरचा पातीचा स्विच, सर्वांत शेवटी मोटर. कॅपस्टन फिरतो, उजवा स्पिंडल स्तब्ध: गुंडाळणीचा बेल्ट, आयडलर (स्पिंडलपर्यंत चाल आणणारं रबरी कड्याचं चाक) किंवा क्लच. प्ले नीट चालतो पण फॉरवर्ड आणि रिवाइंड दोन्ही मरगळलेले: आयडलरचं रबर. फक्त रिवाइंड बिघडलेलं: आयडलर त्या बाजूला पुरता सरकत नाही, बहुधा वाळलेल्या ग्रीसमुळे. तिन्ही मरगळलेले: मुख्य बेल्ट किंवा मोटर.

एक लक्षण फसवं असतं. प्ले दाबलं, दोन-तीन सेकंद वाजलं आणि बटण खटकन वर आलं. लोक बटणाचा खटका तासत बसतात. बहुतेक वेळा ऑटोस्टॉप आपलं काम चोख करत असतो. अनेक यंत्रांत उजवा स्पिंडल फिरतो आहे की नाही यावर त्याची नजर असते. स्पिंडल थांबला की कॅसेट संपली असं समजून तो बटण सोडतो. म्हणजे दुरुस्ती स्पिंडलची करायची, खटक्याची नाही.

सूर हेलकावत असेल तर घड्याळ लावा

दुसऱ्या, निर्दोष यंत्रावर रेकॉर्ड केलेला एखादा लांब, स्थिर सूर वाजवा. त्याच यंत्रावर रेकॉर्ड करून त्याच यंत्रावर ऐकलं तर दोन वेळचे हेलकावे एकमेकांत मिसळतात आणि काहीच हाती लागत नाही. सूर एका लयीत वरखाली होत असेल तर दहा हेलकावे मोजा आणि त्यांना लागलेला वेळ घ्या.

प्रत्येक फिरता भाग ठरावीक वेळात एक फेरी पूर्ण करतो. साधारण १२ मिलिमीटर व्यासाच्या पिंच रोलरचा परीघ ३७.७ मिलिमीटर. फीत सेकंदाला ४७.६ मिलिमीटर जाते, म्हणजे रोलरची एक फेरी ०.८ सेकंदात आणि दहा हेलकावे सुमारे ८ सेकंदांत. हा आकडा मिळाला तर रोलरवर कुठेतरी खड्डा, फुगवटा किंवा चिकटलेला मळ आहे. यंत्र प्लेच्या स्थितीत वर्षानुवर्षं पडून राहिलं असेल तर कॅपस्टनने रबरात पाडलेली आडवी खाच हमखास सापडते.

रिकाम्या रिळाचा मधला भाग सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा असतो, भरलेलं रीळ ५० मिलिमीटरच्या आसपास जातं. त्यामुळे उजव्या रिळाच्या दहा फेऱ्या कॅसेटच्या एका बाजूच्या सुरुवातीला साडेचौदा सेकंदांत आणि शेवटी ३३ सेकंदांत होतात. डाव्या रिळाचं नेमकं उलट. म्हणून हेलकाव्यांची लय कॅसेट पुढे जाईल तशी मंदावत गेली तर दोष उजव्या स्पिंडलमध्ये, जलद होत गेली तर डाव्यात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत लय तीच राहिली तर रिळांना दोषमुक्त करा.

बेल्टचे आणि कॅपस्टनचे हेलकावे मोजता येण्याच्या पलीकडे जलद असतात. २ मिलिमीटरचा कॅपस्टन सेकंदाला साडेसात फेऱ्या घेतो. ६० मिलिमीटरच्या फ्लायव्हीलवरचा २३० मिलिमीटर लांबीचा बेल्ट सेकंदाला सहाच्या आसपास फेऱ्या घेतो. असा दोष हेलकाव्यासारखा न वाटता सुराला सुटलेल्या कापऱ्यासारखा ऐकू येतो. आणि कुठलीच लय नसलेलं, मनमानी ओढाताण केल्यासारखं रेंगाळणं असेल तर घसरणारा बेल्ट, गुळगुळीत झालेला रोलर किंवा फ्लायव्हीलच्या बेअरिंगमधलं वाळलेलं तेल यांपैकी एक.

सामान

९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, तंतू न सुटणारं कापड, चिमटा, मल्टिमीटर, ६०० नंबरचा पॉलिश पेपर, शिवणयंत्राचं तेल, थोडं पांढरं लिथियम ग्रीस, सुई बसवलेली तेलाची कुपी आणि वितळलेल्या बेल्टसाठी हातमोजे. जपानी यंत्रांच्या स्क्रूंना जेआयएस (जपानी मानक) खाचेचे ड्रायव्हर वापरा. साधा फुली ड्रायव्हर त्यांत पुरता बसत नाही, वर उचलला जातो आणि खाच खरवडतो. पुली आणि फ्लायव्हीलवरचे स्क्रू पन्नास वर्षांत जिद्दीला पेटलेले असतात. एकदा खाच गेली की तासाभराचं काम दिवसावर जातं.

गंज सोडवणारा फवारा या पेटीत नसावा. तो पातळ असतो, पसरत जाऊन बेल्ट, रोलर आणि क्लचच्या नमद्यापर्यंत पोचतो, आणि नंतर घसरणीचं कारण शोधून सापडत नाही.

अडकलेली फीत सोडवणं

आत फीत गुंतलेली असेल तर कॅसेट ओढू नका. कॅपस्टनभोवती फीत घट्ट वेढलेली असते. ओढली की ती ताणली जाते, आणि ताणलेला तेवढा भाग पुन्हा सरळ होत नाही. स्टॉप दाबून पिंच रोलर मागे घ्या, मागचं झाकण काढा आणि फ्लायव्हील बोटाने उलट दिशेला सावकाश फिरवा. दुसऱ्या हाताने कॅपस्टनजवळून सुटत येणारी फीत चिमट्याने न पकडता बोटांच्या मध्ये सैल झेला. ती वेढा वेढा करत उलगडते. पूर्ण मोकळी झाली की मगच कॅसेट उचला आणि पेन्सिलने गुंडाळा.

उघडणं

वीजवाहिनीची वायर काढा, सेल काढा. ट्रान्सफॉर्मर पेटीतच असलेल्या यंत्रांत वायर लावलेली असेल तर बटण बंद असूनही आत जिवंत वीज असते.

पाठीमागचे स्क्रू काढताना एक नेहमी लपलेला असतो, सेलच्या डब्यात किंवा हँडलच्या बुडाशी. झाकण अडकतंय असं वाटलं की जोर न लावता तो शोधा. स्पीकर आणि माइकच्या तारा झाकणाला जोडलेल्या असू शकतात. झाकण पुस्तकासारखं उघडा आणि तारांची लांबी पाहा. सर्किट बोर्ड उचलल्यावर फ्लायव्हील आणि बेल्ट दिसतात. आता फोटो काढा: बेल्ट कोणत्या पुलीवरून, कोणत्या बाजूने, कुठे पीळ घेऊन जातो ते दिसेल असे तीन-चार. रेकॉर्डच्या सरकत्या स्विचची दांडी बोर्डच्या कोणत्या खाचेत बसते याचाही एक फोटो हवा. बोर्ड परत बसवताना ही दांडी चुकली तर यंत्र वाजेल पण रेकॉर्ड करणार नाही, किंवा प्ले करतानाच मिटवत जाईल. म्हणून पहिल्या चाचणीला मोलाची कॅसेट घालू नये.

मुख्य बेल्ट

बेल्टच्या जागी काळं, डांबरासारखं काही पसरलेलं दिसलं तर तो बेल्टच विरघळलेला आहे. हातमोजे घाला. मोठा लगदा आधी कोरडाच, लाकडी काडीने उचला. अल्कोहोल पहिल्यापासून वापरलं तर तो पातळ होऊन सगळीकडे जातो. मग अल्कोहोलच्या काड्यांनी पुली आणि फ्लायव्हीलची कड पुसत राहा, काडी पांढरी निघेपर्यंत. मोटरच्या पुलीवर सगळ्यांत जास्त वेळ द्या. साधारण ११ मिलिमीटरच्या त्या पुलीवर राहिलेला केसाएवढा थरही व्यास वाढवतो आणि दर फेरीला बेल्टला धक्का देतो.

जुना बेल्ट शाबूत असेल तर चपटा करून मोजा. चपट्या लांबीची दुप्पट म्हणजे आतला परीघ. पण सैलावलेल्या बेल्टचं माप घेऊन तसाच नवा आणला तर तोही सैल निघतो. दोरा पुलीवरून बेल्टच्याच वाटेने ओढून घ्या, गाठ मारण्याच्या जागी खूण करा आणि मोजा. नवा बेल्ट या वाटेपेक्षा ५ ते ८ टक्के लहान हवा. वाट २४० मिलिमीटर आली तर २२१ ते २२८ च्या दरम्यान. घट्ट बेल्टने काम जास्त पक्कं होईल हा समज महागात पडतो: मोटरचं बेअरिंग एका बाजूला घासतं, वीज जास्त खर्च होते आणि सेल थोडे उतरले की वेग पडतो.

छेदही जुळायला हवा. खाचेच्या पुलीला चौकोनी बेल्ट, मधोमध किंचित फुगीर असलेल्या सपाट पुलीला चपटा बेल्ट. चपट्याच्या जागी चौकोनी चालवला तर तो कडेला चढतो आणि उडतो.

बेल्ट घालण्यासाठी बहुतेक यंत्रांत फ्लायव्हीलवरचा पत्र्याचा पूल काढावा लागतो. दोन किंवा तीन स्क्रू असतात. पूल सुटला की फ्लायव्हील कॅपस्टनसकट बाहेर येतं, आणि त्याच्यासोबत एक-दोन बारीक नायलॉनचे वॉशर. ते तेलाने फ्लायव्हीलला किंवा बेअरिंगच्या तोंडाला चिकटून येतात आणि नेमके जमिनीवर पडतात. खाली पांढरं कापड पसरूनच हे काम करा, आणि वॉशरचा क्रम लिहून ठेवा.

फ्लायव्हील आणि कॅपस्टन

बेल्ट काढलेला आहे तोवर ही तपासणी उरकून घ्या. फ्लायव्हील जागेवर असताना बोटाने टिचकी द्या. ते आवाज न करता काही सेकंद फिरत राहून हळूहळू थांबायला हवं. दोन फेऱ्यांत थबकलं तर बेअरिंगमधलं तेल डिंक झालं आहे.

फ्लायव्हील बाहेर काढा. कॅपस्टनची काडी अल्कोहोलने चकचकीत होईपर्यंत पुसा. बेअरिंगच्या नळीत अल्कोहोल लावलेली लाकडी काडी आत-बाहेर फिरवा, मळ निघायचा थांबेपर्यंत. पंधरा मिनिटं वाळू द्या. मग सुईच्या टोकावर मावेल एवढा एकच थेंब शिवणयंत्राचं तेल नळीच्या तोंडाशी. कॅपस्टनची काडी घालून फिरवा, वर आलेलं तेल पुसा, आणि जिथे फीत लागते तो कॅपस्टनचा भाग पुन्हा अल्कोहोलने साफ करा. तिथे राहिलेलं तेल रोलरवर जातं, रोलर घसरतो आणि सगळी मेहनत वाया.

पूल परत बसवल्यावर फ्लायव्हील वरखाली अगदी थोडं, ०.१ ते ०.३ मिलिमीटर हललं पाहिजे. अजिबात हलत नसेल तर ते चेपलं गेलं आहे आणि वेग मंद राहील. जास्त हललं तर फीत वरखाली भटकेल. काही पुलांवर हे अंतर ठरवणारा स्क्रू असतो, बाकीच्यांत वॉशरवर भिस्त.

पिंच रोलर

चांगल्या रोलरचं रबर मंद, किंचित खरबरीत दिसतं. त्याच्यावर मधोमध तपकिरी, चकाकणारा पट्टा असेल तर तो फितीवरून उतरलेला ऑक्साइड आणि टणक झालेलं रबर. काडीवर अल्कोहोल घेऊन रोलर फिरवत पुसा, भिजवत ठेवू नका. चकाकी गेली नाही तर क्लिप काढून रोलर सोडवा, योग्य जाडीच्या काडीवर बसवा आणि ६०० च्या पेपरवर हलक्या हाताने, सगळीकडे सारखा फिरवा. एका जागी जास्त घासलात तर तो शंकूसारखा होईल आणि फितीला वर किंवा खाली ढकलत राहील. भेगा, खाच किंवा नखाने दाबून न दबणारं रबर असेल तर बदलाच. नवा मागवताना तीन मापं लागतात: बाहेरचा व्यास, रुंदी, आतल्या भोकाचा व्यास. रोलरच्या दांडीला अर्धा थेंब तेल पुरे.

दाब पाहण्यासाठी स्प्रिंग काटा उपयोगी पडतो. प्ले चालू असताना रोलरच्या हाताला हुक लावून कॅपस्टनपासून दूर ओढा. रोलर फिरायचा थांबतो त्या क्षणाचं वजन वाचा. पोर्टेबल यंत्रांत ते साधारण २०० ते ४०० ग्रॅमच्या दरम्यान येतं. यंत्राच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असेल तर तोच प्रमाण.

फीत कडेने दुमडते आहे असं दिसलं तर रोलरचा हात वाकवायची घाई करू नका. हाताची दांडी वाकडी असण्यापेक्षा रोलर शंकूसारखा झिजलेला असणं, मार्गदर्शक खाचेत मळ साचणं किंवा डाव्या स्पिंडलचा ताण गेलेला असणं कितीतरी जास्त वेळा आढळतं. हेडसमोर छोटा आरसा धरून फितीच्या दोन्ही कडा पाहत चालवा. ३.८१ मिलिमीटरची फीत खाचेत सरळ, दोन्ही कडांना सारखी मोकळी गेली पाहिजे.

गुंडाळणीचा जोर

फीत गुंतण्याचं मूळ इथे असतं, आणि हा जोर मोजायचा राहून जातो. प्लेमध्ये उजव्या स्पिंडलचा जोर ३५ ते ६५ ग्रॅम-सेंटिमीटर असावा. यासाठी खास मोजणीची कॅसेट मिळते, पण तिच्याशिवायही भागतं. जुन्या कॅसेटमधला रिकामा गोल गाभा काढा, त्याला दोऱ्याचं एक टोक चिकटवा आणि तो स्पिंडलवर बसवा. गाभ्याची त्रिज्या सुमारे १.१ सेंटिमीटर असते. यंत्र कडेवर उभं करा, दोरा टेबलाच्या कडेवरून खाली सोडा, टोकाला ४० ग्रॅमचं वजन बांधा आणि प्ले दाबा. ४० गुणिले १.१ म्हणजे ४४ ग्रॅम-सेंटिमीटर. वजन संथ, न अडखळता वर आलं तर गुंडाळणी ठणठणीत. जागेवरच राहिलं तर फीत गुंतणार हे ठरलेलं. वजन ८० ग्रॅम केलं तरी सहज उचललं जात असेल तर क्लच चिकटला आहे. असं यंत्र फीत ताणतं आणि बाजूच्या सुरुवातीला सूर ओढल्यासारखा लागतो.

जोर कमी असेल तर स्पिंडलपर्यंत चाल आणणाऱ्या रबराकडे पाहा. आयडलर म्हणजे कडेला रबरी कडं असलेलं चाक. कडं चकाकत असेल तर अल्कोहोल आणि पेपरने खरबरीत करा. ते काढून आतली बाजू बाहेर करून बसवलं तरी काही काळ उत्तम चालतं, पण कडं टणक झालं असेल तर त्याच मापाची ओ-रिंग बसवणं हाच उपाय. ओ-रिंगचा व्यास मूळच्या कड्यापेक्षा मोठा झाला तर आयडलर मोकळ्या स्थितीतही स्पिंडलला घासत राहतो, हे बसवल्यावर लगेच तपासा.

क्लच उघडायची वेळ आली तर वरची क्लिप काढताना बोट स्प्रिंगवर ठेवा. नमदा कोरडा हवा. त्याला तेल लागलेलं असेल तर अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवा, नमद्याच्या समोरची प्लास्टिकची चकती पुसा. काही क्लचमध्ये स्प्रिंगचं टोक बसायला दोन-तीन पायऱ्या असतात. एक पायरी घट्ट करा आणि वजनाची चाचणी पुन्हा घ्या.

फॉरवर्ड आणि रिवाइंडचा जोर याहून जास्त, ६० ते १२० ग्रॅम-सेंटिमीटर असतो. डाव्या स्पिंडलचा मागचा ताण मात्र अगदी नाजूक, २ ते ५. तो बोटाने स्पिंडल फिरवून जेमतेम जाणवेल एवढाच.

बटणं आणि सरकपट्ट्या

बटण दाबल्यावर हेडची पाटी पुरती पुढे येत नसेल तर रोलर कॅपस्टनला अर्धवट टेकतो, आणि मग चांगला रोलरही घसरतो. कारण जवळजवळ नेहमी एकच: कारखान्यात लावलेलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. सरकपट्टीच्या कडांचं जुनं ग्रीस खरवडून, अल्कोहोलने पुसून घ्या आणि धातूवर धातू घासतो तिथेच लिथियम ग्रीसचा पातळ हात द्या. रबराच्या आसपास नको. याच भागात मोटरचा पातीचा स्विच असतो. प्ले दाबल्यावर यंत्राला थोपटलं की चालतं, अशी सवय लागलेली असेल तर अल्कोहोलने ओला केलेला जाड कागद दोन पात्यांच्या मध्ये घालून, पाती हलकेच दाबून ओढा. कागदावर काळी रेघ उमटते. ती उमटायची थांबेपर्यंत कागद बदलत राहा.

मोटर

बेल्ट काढून मोटर चालवा आणि वीजप्रवाह पाहा, मग बेल्ट लावून पुन्हा. आकडा खूप वाढला तर अडथळा मोटरच्या बाहेर आहे. बेल्ट नसतानाही मोटर कुरकुरते किंवा वेग डळमळतो तर दोष तिच्या आत. दांडीच्या तोंडाशी अर्धा थेंब तेल देऊन दहा मिनिटं चालवून पाहा.

बदलायची झाली तर चार गोष्टी जुळवा: व्होल्ट, फिरण्याची दिशा, मिनिटाला फेऱ्या आणि दांडीचा व्यास. अनेक यंत्रांत २४०० फेऱ्यांची मोटर असते. वेग राखणारं सर्किट आत असलेल्या मोटरला तारा उलट जोडून दिशा बदलता येत नाही. तसं केलं तर सर्किट जळू शकतं. मोटर एकाएकी भन्नाट वेगाने धावू लागली तर हे सर्किट निकामी झालं आहे.

वेग लावणं

हे सगळं झाल्यावरच वेगाला हात लावा. नवा बेल्ट अर्धा तास चालू द्या, मग मोजा. ३१५० हर्ट्झचा सूर असलेली चाचणी कॅसेट असेल तर फोनवरच्या फ्रिक्वेन्सी मीटरने काम होतं. १ टक्का म्हणजे ३१.५ हर्ट्झ. ३१३४ ते ३१६६ च्या मध्ये आलं की अर्ध्या टक्क्याच्या आत आलात.

कॅसेट नसेल तर स्वतः करता येते. एका कॅसेटवर सलग सूर रेकॉर्ड करा. फीत न ताणता स्वच्छ टेबलावर बाहेर काढा आणि शिंप्याच्या कापडी टेपने ४७६ सेंटिमीटर मोजा: दीड मीटरच्या टेपने तीन वेळा आणि वर २६ सेंटिमीटर. दोन्ही टोकांना छोट्या लोहचुंबकाचं टोक क्षणभर टेकवा. बाकीची फीत आणि कॅसेट चुंबकापासून लांब ठेवा. गुंडाळून वाजवली की त्या दोन ठिकाणी सुरात गचका ऐकू येतो. दोन्ही गचक्यांमधलं अंतर बरोबर १०० सेकंद असायला हवं. ९८ सेकंद आले तर यंत्र २ टक्के जलद, १०३ आले तर ३ टक्के संथ. कानाला हा फरक चांगला कळतो, कारण ६ टक्क्यांना सूर अर्ध्या स्वराने सरकतो.

वेगाचा बारीक स्क्रू बहुधा मोटरच्या बुडातल्या छोट्या भोकात असतो, काही यंत्रांत बोर्डवर. मूळ जागेची खूण करा. स्क्रू अनेक वर्षं हललेला नसतो, म्हणून तो दोन्हीकडे पाच-सहा वेळा फिरवून घासून घ्या आणि खुणेवर परत आणा. एवढ्यानेच डळमळता वेग स्थिर होतो, असंही घडतं. त्यानंतर केसभर फिरवून मोजा, थांबा, पुन्हा मोजा. ड्रायव्हर प्लास्टिकचा किंवा टोक सोडून इन्सुलेशन असलेला हवा. बाजूच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन ठिकाणी मोजणी करा. शेवटी वेग पडत असेल तर डावा स्पिंडल जास्त ओढतो आहे, किंवा रोलर अजून घसरतो आहे.

हेड, सगळ्यांत शेवटी

हेड, कॅपस्टन आणि मार्गदर्शक खाच अल्कोहोलने पुसा. हेडचं चुंबकत्व घालवायचं असेल तर यंत्र बंद ठेवा, कॅसेटी दूर न्या, उपकरण अर्धा मीटर लांब असतानाच चालू करा, हेडजवळ नेऊन हळूहळू फिरवा आणि पुन्हा अर्धा मीटर लांब नेल्यावरच बंद करा. जवळ असताना बंद झालं तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकित होतं.

उंच स्वर दबलेले वाटत असतील तर हेडच्या एका बाजूचा स्प्रिंग असलेला स्क्रू अष्टमांश फेरीच्या आत इकडे-तिकडे करून, आवाज सर्वांत लख्ख लागतो तिथे थांबवा. पण फीत सरळ जाते आहे याची आरशाने खात्री करून झाल्यावरच. वाकड्या चालणाऱ्या फितीवर हेड जुळवलं तर तुमच्या जुन्या कॅसेटी या यंत्रावर दबक्या वाजतील, आणि इथे केलेलं रेकॉर्डिंग दुसरीकडे. स्क्रूवर नेलपॉलिशचा एक ठिपका लावून तो जागेवर पक्का करा, पॉलिश वाळू द्या. मग सी-६० च्या दोन्ही बाजू अखंड चालवा, यंत्र आडवं ठेवून एक आणि उभं धरून दुसरी.